मालकिणीची परवानगी

आमच्या वहिनीच्या घरात वस्तू टिकत नाही. फुटते म्हणून नव्हे, वहिनी टाकून देते म्हणून. कान तुटलेला कप, बंद पडलेलं घड्याळ, रिकाम्या बाटल्या, एका बाजूने उसवलेली पिशवी, यांना तिच्या राज्यात दुसरा दिवस बघायला मिळत नाही. माझा दादा बरोबर उलटा. सुतळीचा तुकडासुद्धा तो 'कधी लागेल सांगता येत नाही' म्हणून खिळ्याला अडकवून ठेवणार. एकाने जमवायचं आणि दुसरीने फेकायचं, असा त्यांचा संसार. मी वरच्या मजल्यावर राहणारी नणंद. 'तुझ्या वहिनीला सांग' आणि 'तुझ्या भावाला सांग' अशा दोन्हीकडच्या तक्रारी जिना चढून माझ्याकडे येत. मी कुणालाच काही सांगत नसे. दोघांच्या भांडणात तिसऱ्याचा लाभ म्हणतात, तसा माझा लाभ म्हणजे दोन्ही बाजूंनी मिळणारा चहा.

वहिनी आणि मी साधारण एका वयाच्या, त्यामुळे आमचं अगं-तुगं. ती मला 'वन्सं' म्हणते ते दोनच वेळा, चेष्टा करायची असली की आणि काम करून घ्यायचं असलं की.

घराच्या पुढच्या खोलीत दुकान आहे. रबरी शिक्के आणि नावाच्या पाट्या. दादा कॉम्प्युटरवर अक्षरं बसवतो, मशीन ती रबरावर कोरतं, आणि पुढचं सगळं वहिनीचं. कोरलेलं रबर साबणाच्या पाण्यात घालून दात घासायच्या ब्रशने ती घासते, कापते, मुठीला चिकटवते आणि शाई लावून कागदावर ठसा घेऊन बघते. जळक्या रबराचा वास तिच्या केसांतून कधी गेलेला नाही. शिक्क्यावर अक्षरं उलटी असतात, आरशात दिसतात तशी, आणि इतकी वर्षं उलटं वाचून तिची अशी गत झालीय की सरळ मजकुरावर ती अडखळते. कोरलेल्या रबरात एखादी वेलांटी चुकलेली असली तर ती लांबूनच ओरडणार. पेपर मात्र ओठ हलवत, बोट ठेवून वाचणार. मी म्हणायचे, "वहिनी, पेपर आरशासमोर धरून देऊ का?" ती म्हणायची, "दे. निदान बातम्या तरी उलट्या होतील. सरळ तर एक धड नसते."

गिऱ्हाइकं दादाला मालक म्हणतात आणि वहिनीला मालकीणबाई. त्यात विशेष काही नाही, काउंटरच्या आत बसेल तो मालक. पण आमच्याकडे आणखी एक मालकीण होती. माझी भाची. बसल्यावर पाय जमिनीला टेकत नव्हते तेव्हापासून ती दादाच्या स्टुलावर चढायची आणि हुकूम सोडायची. हा लाल कर, तो मोठा कर, हे नाव मला आवडत नाही, हे खोड. दादा म्हणायचा, "आली आमची मालकीण." ते नाव चिकटलं ते चिकटलंच. वहिनी आतून विचारायची, "ती मालकीण, मग मी कोण? मोलकरीण?" आणि पोरगी गंभीरपणे म्हणायची, "तू मालकीणबाई. बाई म्हटलं की मोठी."

पुढे ती कॉलेजात गेली आणि दुकानाचा कॉम्प्युटर तिने ताब्यात घेतला. घ्यावाच लागला. जन्मात सुतळी न टाकणारा माझा दादा कॉम्प्युटरसमोर बसला की डिझाइनच्या डिझाइन उडवायचा. नको ते बटण त्याच्या बोटाखाली यायचं, कॉम्प्युटर विचारायचा 'नक्की पुसू का?' आणि दादा मुळात भिडस्त, त्याला नाही म्हणवत नसे. एकदा तर अख्ख्या शाळेच्या वर्गांच्या पाट्या त्याने अशा भिडेपोटी घालवल्या. तेव्हा भाची वैतागली. सुट्टीचा दिवस बघून बसली आणि सगळ्याला कुलपं लावून टाकली.

"बाबा, हे बघा," ती म्हणाली. "दोन खाती केलीत. एक तुमचं, त्याचं नाव मालक. एक माझं, त्याचं नाव मालकीण. तुम्ही सगळं उघडा, बघा, मशीनला पाठवा. पण पुसायचं असेल तर मला विचारायचं."

"आणि नाही विचारलं तर?"

"तर तो विचारेल."

सगळा कॉम्प्युटर तिने मराठीत करून ठेवला होता. त्यामुळे दादाच्या हाताने खोडी केली की पडद्यावर चौकट यायची, 'परवानगी नाही. ही फाईल हटवण्यासाठी मालकीण यांची परवानगी आवश्यक आहे.' खाली दोन बटणं, 'पुन्हा प्रयत्न करा' आणि 'रद्द करा'. दादाला याची भारी गंमत. तो स्टुलावरूनच हाळी द्यायचा, "मालकीणसाहेब, परवानगी आहे का?" आणि आतून, काय पुसायचंय हे न बघता, तोंडात घास असला तरी पोरीचं उत्तर यायचं, "नाही!" मग ती हात पुसत बाहेर यायची आणि बघायची. पण आधी 'नाही'. नेहमी आधी 'नाही'.

दादाला साखरेचा आजार आहे. जेवायची वेळ टळली की हातपाय थरथरायला लागतात, आणि काम हातात असलं की त्याला वेळेचं भान नसतं. भाची दुपारी कॉलेजात. म्हणून तिने स्वतःचा आवाज भरून ठेवला आणि रोज एक वाजता तो आपोआप लागेल अशी सोय केली. "बाबा, एक वाजला. उठा. शिक्के पळून जात नाहीत." दादा म्हणायचा, "उठलो गं," आणि खरंच उठायचा. वहिनीने चार हाका मारल्या तरी जो हलत नसे, तो त्या डबड्याच्या एका वाक्याला उठायचा. वहिनी म्हणायची, "आपली माणसं ती आपली, आणि मी परकी."

मग भाची गेली. साधा ताप, साधा ताप म्हणत तो मेंदूत गेला. याहून जास्त मला इथे लिहायचं नाही.

वहिनीने तिच्या वस्तू लगेच काढल्या. कपडे, चपला, पुस्तकं, उशी, भिंतीवरचा फोटोसुद्धा. कपाटातला तिचा कप्पा ओल्या फडक्याने पुसला, कोरडा केला आणि त्यात चादरी रचल्या. शेजारपाजारच्या बायका कुजबुजल्या, काळीज आहे की दगड. मीही तेव्हा तिच्याशी धड बोलले नाही, इतका संताप आला होता. खूप नंतर एकदा भांडी पुसता पुसता ती आपणहून म्हणाली, "दिसलं काही की मी तिथेच उभी राहते गं. मग उभीच राहते. घरात कुणीतरी चालतं-फिरतं राहायला हवं ना?"  वस्तू काढताना दादाने तिला अडवलं नाही. तो नुसता दुकानात जाऊन बसला.

दुकान पुन्हा उघडलं त्या दिवशी मी खालीच होते. वहिनी रबर कापत होती. एक वाजला आणि कॉम्प्युटर म्हणाला, "बाबा, एक वाजला. उठा."

आम्हा तिघांच्याही हे लक्षातच नव्हतं. घरातलं सगळं काढलं होतं, आणि हे राहून गेलं होतं. वहिनीचा पातं धरलेला हात घसरला आणि बोटातून रक्त आलं. दादाने तिकडे बघितलं नाही. तो पडद्याकडे बघत होता. मग म्हणाला, "उठलो गं," आणि हात धुवायला मोरीकडे गेला.

तेव्हापासून ते रोजचं झालं. वहिनीने आवाज बारीक करून ठेवला की दादा न बोलता मोठा करायचा. तिने स्पीकरची वायर ओढली की तो 'सैल झालेली दिसते' म्हणून खोचायचा. पाटीला दोन भोकं पाडायची की चार, यावर ही दोघं तासभर वाद घालतील. पण यावर एकमेकांशी एक शब्द नाही. दादा त्या आवाजावर जगतोय हे मला दिसत होतं, आणि वहिनी त्या आवाजाने झिजतेय हेही दिसत होतं. एक वाजायच्या आधी ती आत जाऊन नळ सोडायची, भांडी आपटायची, काहीही करायची. तरी ऐकू यायचंच. घर केवढंसं.

दादा आठवड्यातून एकदा पाटीचे पत्रे आणायला बाजारात जातो. अशाच एका सकाळी खालून हाक आली, "वन्सं! जरा खाली या!" 'या' म्हटल्यावर मी समजले की काम मोठं आहे.

बघते तो वहिनी कॉम्प्युटरसमोर, दादाच्या स्टुलावर. तिला मी तिथे कधी बसलेलं पाहिलं नव्हतं. पडद्यावर भाचीचं एक फोल्डर उघडं, नाव 'बाबांचं जेवण', आणि आत एकच फाईल. समोर ती चौकट.

"हे बघ," वहिनी म्हणाली. "मघापासून परवानगी मागतंय. मी देतेय, तर घेत नाही."

"कशी देतेस?"

"कशी म्हणजे? 'मालकीण यांची परवानगी आवश्यक आहे.' बरं, म्हटलं, आहे परवानगी. हे 'पुन्हा प्रयत्न करा' दाबतेय. दाबलं की परत तेच. तोंडाने पण सांगून बघितलं. अगं, किती वेळा परवानगी द्यायची माणसाने?"

मला हसू फुटलं. जन्मभर उलटं वाचण्यात हुशार, आणि सरळ लिहिलेलं वाचून फसली. मी म्हणणारच होते तसं. ओठांपर्यंत आलं होतं. आणि मग मी ते तसंच गिळलं, कारण तिच्या लक्षात आलेलं नव्हतं, खरोखर आलेलं नव्हतं, आणि आता ते मला सांगायला लागणार होतं.

"वहिनी," मी म्हटलं, "ही मालकीण तू नाहीस."

तिने माझ्याकडे बघितलं, मग पडद्याकडे. पेपर वाचते तसं बोट ठेवून, ओठ हलवत तिने ते वाक्य पुन्हा वाचलं. मालकीण या शब्दापाशी बोट थांबलं.

"हो का," ती म्हणाली. मला माझ्या हसण्याची इतकी लाज वाटली की मी तिच्या खांद्यावर हातसुद्धा ठेवू शकले नाही.

मग तिने विचारलं, "तू हे शेवटपर्यंत ऐकलंयस कधी?"

"एवढंसं तर आहे. शिक्के पळून जात नाहीत. झालं."

"झालं नाही." तिने फाईलीवर दोनदा दाबलं. पोरीचा आवाज आला, एक वाजला, उठा, पळून जात नाहीत. मग थोडी खरखर. आणि मग लांबून, स्वयंपाकघरातून येतो तसा वहिनीचाच आवाज. "कुणाशी बडबडतेयस एकटीच? ऊठ त्या डबड्यासमोरून! कंटाळा आणलाय नुसता!" आणि अगदी जवळून, हसत, भाचीचा. "आले गं आई."

तेवढंच. तोपर्यंत दादा रोज मोरीत नळाखाली हात धरून असायचा, त्यामुळे त्याला हे शेपूट कधी ऐकू आलंच नव्हतं.

"रोज एक वाजता मी तिच्यावर ओरडते," वहिनी म्हणाली. "रोज ती 'आले' म्हणते. आणि येत नाही."

 मी मूर्खासारखं म्हटलं, "मागचं तेवढं कापून टाकू. पुढचं राहू दे."

"मग ती रोज फक्त त्यांनाच हाक मारेल. तेही मीच ऐकायचं?" ती उठली, स्टूल होतं तिथे सारून ठेवलं. "मला हे सगळंच नको. ह्यांना सांगायचं, बिघडलं. बिघडलं म्हटलं की ते ऐकून घेतील. मी पुसलं कळलं तर माझं तोंड बघणार नाहीत. पण हे आणखी ऐकलं ना, तर मी एक दिवस हे डबडं रस्त्यावर टाकेन आणि त्याच्या पाठोपाठ स्वतः जाईन. तू बघ काहीतरी."

ती तोंडाने बोलून दाखवणारी बाई नाही. बोलली म्हणजे पाणी गळ्याशी आलं होतं. मी कचेरीत आयुष्य टायपिंगमध्ये काढलेलं, मला एवढं कुठलं यायला? मी डॉक्टरला गाठलं. डॉक्टर म्हणजे कोपऱ्यावरचा कॉम्प्युटर दुरुस्त करणारा. मशीनला कान लावून बघतो आणि 'कधीपासून होतंय?' असं विचारतो, म्हणून डॉक्टर.

पुढच्या खेपेला दादा बाजारात गेल्यावर तो आला. दोन-चार बटणं दाबून म्हणाला, "काही बिघाड नाही. फाईल ज्याने बनवली तो तिचा मालक. बाकीच्यांना तो जेवढी मोकळीक देईल तेवढीच. ह्या मालकीण कोण आहेत? त्यांना बोलवा, पासवर्ड टाकतील. चुटकीसरशी होईल."

वहिनी खाली बघत राहिली. मी म्हटलं, "ती नाही."

त्याला समजलं. तो थोडा वेळ उगाच माउस पुसत बसला. मग म्हणाला, "तर मग मालकी बदलावी लागेल." त्याने स्वतःचा पेनड्राइव्ह लावला, कॉम्प्युटर बंद करून भलत्याच वाटेने चालू केला. घराचं पुढचं दार बंद असलं की परसदारी वळसा घालावा, तसं. पडदा निळा झाला, काळा झाला, अक्षरं धावली.

"सगळ्याच फाईलींची मालकी आता कुणाच्या नावावर करू?"

"मालकांच्या," वहिनी म्हणाली.

"कॉपी ठेवू का एक? बाहेर कुठेतरी."

"ठेव," मी म्हटलं.

"नको," वहिनी म्हणाली.

"नीट विचार करा, मालकीणबाई. असं पुसलं की परत येत नाही."

"कुठे काय परत येतं," वहिनी म्हणाली.

त्याने पुसलं. काही आवाज झाला नाही, कुठली चौकट आली नाही. मग सगळं आवरता आवरता त्याने विचारलं, "हे मालकीण नावाचं खातं आता रिकामंच आहे. उगाच पडून राहील. काढून टाकू?" वहिनीच्या हातात फडकं होतं, ती टेबल पुसायला लागलीच होती. वापरात नसलेली वस्तू तिच्या घरात राहत नाही. ती म्हणाली, "काढ." मलाही त्यात काही वावगं वाटलं नाही.

त्या दिवशी दादा पत्रे घेऊन वेळेवर परतला. एक वाजला. वाजून गेला. वहिनी दारात उभी, हातात फडकं. दादाने स्पीकरकडे बघितलं, वायर चाचपली, पुन्हा खोचली.

"आज काय झालं याला?"

"बिघडलं असेल," वहिनी म्हणाली. "डॉक्टर येऊन गेला. म्हणाला, मशीन जुनं झालंय, काही काही जाणारच." हे वाक्य तिने सकाळपासून घोकलेलं होतं, मला माहीत होतं.

दादाने वायर सोडून दिली. मग "हं" म्हणाला, उठला, हात धुतले आणि जेवला. मी वर येऊन कॉटवर आडवी पडले. डोक्यावरचं ओझं उतरलं होतं.

नंतरचे दिवस बरे गेले, हे मला सांगितलंच पाहिजे. वहिनी दुपारची झोपायला लागली. एक वाजता भांडी आपटणं थांबलं. एका गिऱ्हाइकाच्या आडनावाची पाटी पुसता पुसता तिने अशी काही टवाळी केली की मला ठसका लागला. दादा गप्प होता, पण गप्प तो आधीही होता. काळच औषध, असं मी स्वतःला बजावलं. अशी वाक्यं माणूस कधी बोलतो, तर जेव्हा त्याला पुढे बघायचं नसतं तेव्हा.

मग एका दुपारी मी काउंटरपाशी चहा पीत बसले होते. दादा कॉम्प्युटरवर. मशीन बंद होतं, त्यामुळे दुकानात शांतता होती. अचानक तो म्हणाला, "गेली."

"काय गेली?"

"दवाखान्याची पाटी. मी पुसायला गेलो आणि पुसली गेली."

"तुझी खोड काही जायची नाही. पुन्हा कर आता."

"विचारलं नाही," दादा म्हणाला. त्याने दुसरी फाईल घेतली. तीही गेली. तिसरी घेतली.

"अरे, काय चालवलंयस!" मी कप ठेवून त्याचा हात धरला.  

"बघ ना," तो म्हणाला. "काहीच म्हणत नाही."

आवाज ऐकून वहिनी आतून आली. हातात साबणाचा ब्रश. दादाने तिच्याकडे बघितलं, आणि त्याच्या चेहऱ्यावर राग नव्हता. राग असता तर बरं झालं असतं.

"आवाज गेला तेव्हा मी काही बोललो का?" तो म्हणाला. "नाही ना? एक वाजला की तू आत जाऊन नळ सोडायचीस, मला काय दिसत नव्हतं? दुकान उघडलं त्याच आठवड्यात तुझ्यासाठी मीच तो पुसायला गेलो होतो. तर हा म्हणाला, मालकिणीची परवानगी लागेल. मी आपला सवयीने विचारून बसलो, परवानगी आहे का? आणि समोर लिहिलेलंच होतं, 'नाही'. मग मी तो बंद कसा पडू देणार?"

वहिनीच्या ब्रशातून फेस फरशीवर टपकत होता.

"तेव्हापासून मी रोज विचारायचो. कुठलीही फाईल घ्यायची आणि पुसायला जायचं. रोज नाही म्हणायची. काय आहे हे न बघता, आधी 'नाही'. अगं, तो आवाज जुना होता. भरून ठेवलेला, रोज तोच. त्याचं मला काही नव्हतं, तुला नको होता तर जाऊ दे. पण हे 'नाही' ताजं होतं. मी आज विचारलं की ती आज म्हणायची."

  आम्ही दोघींनी मिळून नेमकं काय काढून टाकलं होतं, ते मला तेव्हा कळलं. वहिनीला माझ्या आधी कळलं होतं. तिने ब्रश काउंटरवर ठेवला, तसाच, फेसासकट, आणि ओल्या हाताने फोन उचलला.

"डॉक्टर, ते खातं परत लाव. मालकिणीचं. आत्ता ये."

डॉक्टर आला. त्याने सगळं ऐकलं आणि कॉम्प्युटरसमोर बसला.

"खातं करता येईल," तो म्हणाला. "नावही तेच देता येईल. पण आतून प्रत्येक खात्याला आपला एक क्रमांक असतो, तो एकदा गेला की पुन्हा मिळत नाही. नाव तेच असलं तरी कॉम्प्युटरच्या लेखी ही नवीनच कुणीतरी. ती नव्हे."

"चालेल," वहिनी म्हणाली. "दिसायला तेच दिसू दे. कुलपंही तशीच लाव."

त्याने केलं. नाव टाकलं, मालकीण. मग कॉम्प्युटरने पासवर्ड मागितला, आणि डॉक्टर स्टुलावरून उठून बाजूला झाला. वहिनी बसली. तिने एका बोटाने, एक एक अक्षर शोधत काहीतरी टाकलं. काय टाकलं ते तिने मला अजून सांगितलेलं नाही, आणि मी विचारलेलं नाही.

"बघा," ती दादाला म्हणाली. "अहो, बघा तरी."

दादाने एक फाईल घेतली आणि पुसायचं बटण दाबलं. चौकट आली. तीच अक्षरं, तीच बटणं. परवानगी नाही. मालकीण यांची परवानगी आवश्यक आहे. क्षणभर मलाही ते तिचंच वाटलं. दादाने ती चौकट नीट वाचली. मग हलक्या आवाजात, वहिनीला लागू नये अशा बेताने म्हणाला, "हे तू म्हणतेयस."

त्याने 'रद्द करा' दाबलं आणि मशीन पुसायला घेतलं. डॉक्टर कधी निघून गेला ते आम्हाला कळलंही नाही.

आता एक वाजता वहिनी दुकानाच्या दारात येऊन उभी राहते. उठा म्हणत नाही, काहीच म्हणत नाही. दादा तिला बघतो आणि उठतो. दोघं समोरासमोर बसून जेवतात. अधूनमधून मीही असते. ताटांचा आवाज तेवढा होतो. दादा आता कुठलीच फाईल पुसत नाही. त्याची खोड गेली. आणि वहिनी वस्तू टाकेनाशी झालीय. परवा मोरीच्या वरच्या फळीवर मला कान तुटलेला कप दिसला, त्यात सुतळीचे तुकडे.

काल दुपारी मी खाली होते. वहिनी मान खाली घालून रबर कापत होती. एक नवखा माणूस आला, काउंटरवर हात टेकून आत डोकावला.

"मालकीणबाई आहेत का?"

"नाहीत," वहिनी म्हणाली. मान वर न करता. "काय हवंय ते मला सांगा."